बाससाठी खरेदी रीलपासून नको, वर्मपासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मूळचा रत्नागिरीचा. दोन वर्षांपूर्वी डॅलसजवळ फ्रिस्कोला आलो. लहानपणी धक्क्यावर बसून हातानेच गरवायचो, रॉड कधी धरला नाही. आता नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन घराजवळच्या तळ्यावर आणि सुट्टीच्या दिवशी लेक लुइसव्हिलला बास मासा पकडायला जायचा विचार आहे. अडीचशे डॉलरच्या आत सगळं बसवायचं आहे. दुकानात गेलो तर तिथल्या माणसाने बेटकास्टर रीलच घ्या म्हणून गळ घातली. कोणता रॉड, कोणतं रील, आणि ते रबरी किडे-गांडुळं नेमकी कोणती घेऊ?"

'गळ घातली' हे अगदी जागच्या जागी पडलं आहे. त्या दुकानांत मासा एकही नसतो, गळ मात्र ठायी ठायी टाकलेले असतात. मीही एक गिळलेला आहे. २००८ साली घेतलेला माझा पहिला रॉड साडेसात फुटी, हेवी पॉवरचा, त्यावर चकचकीत बेटकास्टर, म्हणजे फेकताना ज्याचं स्पूल (लाइन गुंडाळलेली फिरकी) स्वतः फिरतं असं रील. पहिल्याच शनिवारी ग्रेपव्हाइन लेकच्या काठावर तीन तास उभा होतो. त्यात मासेमारी झाली असेल वीस मिनिटं. बाकीचा वेळ स्पूलवरचा गुंता नखांनी सोडवण्यात गेला. शेजारी दहा-बारा वर्षांची एक मुलगी साध्या स्पिनिंग रॉडवर एकामागून एक मासे काढत होती. जाता जाता तिने मला कात्री हवी का म्हणून विचारलं.

रीलमध्ये खोट नव्हती. रॉडवर मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ल्युअर, म्हणजे नकली आमिष, अर्धा ते दोन औंस. मी टाकत होतो बिनशिशाचा पाच इंची वर्म (तेच रबरी गांडूळ), म्हणजे जेमतेम ३/८ औंस. एवढ्याशा वजनाने तो रॉड वाकतच नव्हता. रॉड वाकला नाही तर वर्म लांब जाणार कसा? मग मी जोर लावायचो, आणि जोर लावला की स्पूल पुढे पळायचं आणि दोरीचं घरटं व्हायचं.

तेव्हापासून कोणीही विचारलं तरी मी एकच सांगतो: उलट्या टोकाने चला. पाण्यात काय जाणार ते आधी ठरवा. त्याला साजेसा हुक आणि शिसं, त्याला पेलेल अशी लाइन, म्हणजे दोरी, मग ते वजन फेकेल असा रॉड, आणि सगळ्यात शेवटी रील. आपण सगळे नेमकं याच्या उलट करतो, कारण दुकानात रील काचेच्या कपाटात दिव्याखाली असतं आणि हुक मागच्या भिंतीला टांगलेले असतात.

आधी मासा. लार्जमाउथ बास हा सनफिशच्या कुळातला. स्वभावाने तो तुम्हाला आपल्या मरळची आठवण करून देईल: पाठलाग करण्यापेक्षा गवतात, बुडालेल्या झाडाच्या सावलीत, धक्क्याच्या खांबाशी दबा धरून बसायचं आणि समोरून काही गेलं की तोंड उघडायचं. तो चावत नाही. एवढा मोठा जबडा एकदम उघडतो की पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. आत गेलेलं कडक लागलं तर तितक्याच वेगाने थुंकूनही टाकतो. मऊ प्लास्टिकची सगळी करामत इथे आहे. तोंडात ते सजीवासारखं दबतं, म्हणून बास ते क्षणभर जास्त धरून ठेवतो, आणि तो क्षण नवख्या माणसाच्या कामी येतो.

हा मऊ वर्म आला कुठून, तर ओहायोतल्या अ‍ॅक्रनमधून. निक क्रीम नावाच्या गृहस्थाने १९४९ च्या सुमारास घरी खटपट करून तो तयार केला, आणि पुढे धंदा टेक्सासमध्ये टायलरला आणला. तुमच्यापासून ते गाव गाडीने दोन-अडीच तासांवर. आज दुकानात या मऊ वस्तूंची एक अख्खी गल्ली असते: वर्म, खेकडे, बेडूक, पाली, आणि कशासारखेच न दिसणारे काही प्राणी. पायलीचे पन्नास रंग. त्यातली तीन पाकिटं घ्या. तीनच.

पहिलं पाकीट पाच इंची स्टिक वर्मचं. गॅरी यामामोटोचा सेन्को हा त्यातला मूळ पुरुष; आता प्रत्येक कंपनीची नक्कल मिळते. दिसायला हा अगदीच दगड. शेपूट नाही, पाय नाहीत, दोन्हीकडे निमुळती होत गेलेली जाड पेन्सिल. पण प्लास्टिकमध्ये मीठ भरपूर असल्यामुळे तो जड असतो, शिशाशिवाय फेकता येतो, आणि बुडताना दोन्ही टोकं हलकेच थरथरवत खाली जातो. माझ्या मते नवख्याने पहिलं वर्षभर दुसरं काही वापरलं नाही तरी चालेल.

तो लावायची सोपी पद्धत म्हणजे वॅकी रिग. वर्मच्या मध्यावर एक छोटी रबरी ओ-रिंग चढवायची आणि १ नंबरचा किंवा १/० चा वॅकी हुक त्या रिंगखालून घालायचा, म्हणजे वर्म दोन्ही बाजूंना लोंबतो. रिंग नसेल तर हुक थेट वर्ममधून घालतात, पण मग दर दोन माशांमागे वर्म तुटून जातो, आणि पाकीट सात-आठ डॉलरचं आहे. फेकायचा, आणि मग काहीही करायचं नाही. हे 'काहीही करायचं नाही' आपल्या लोकांना फार जड जातं. लाइन किंचित सैल सोडा आणि जिथे ती पाण्यात शिरते तिथे नजर ठेवा. ती आपसूक बाजूला सरकायला लागली, एकदम टुणकन उडाली, किंवा बुडायची ती मध्येच थांबली, तर खाली कोणीतरी वर्म तोंडात घेतला आहे. तळाला लागला तर रॉडचं टोक हातभर वर उचला, परत पडू द्या. उचलताना नाही, पडताना घेतात. माझे दहातले आठ मासे असेच लागले आहेत.

वॅकी रिगची अडचण एकच. हुकचं टोक उघडं असतं, म्हणून गवतात किंवा फांद्यांत तो लगेच अडकतो. आणि बास तर तिथेच राहतो. त्यासाठी टेक्सास रिग. यात टोक वर्मच्या अंगात दडवलेलं असतं. हे हाताला एकदा बसलं की बसलं, पण पहिल्यांदा दहातले नऊ जण वाकडं लावतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लाइनमध्ये आधी गोळीच्या आकाराचा सिंकर ओवायचा, निमुळतं टोक रॉडकडे. मग ३/० चा ऑफसेट हुक बांधायचा. हा रुंद पोटाचा असतो आणि डोळ्याजवळ, म्हणजे लाइन बांधायच्या भोकाजवळ, त्याला एक पायरी असते. टोक वर्मच्या डोक्यात अगदी मधोमध पाव इंच खुपसा आणि बाजूने बाहेर काढा. डोकं त्या पायरीवर चढेपर्यंत हुक ओढून घ्या आणि अर्धा वळसा फिरवा, म्हणजे टोक वर्मकडे वळेल. आता घाई नको. वर्म हाताने न ताणता सरळ लोंबू द्या, हुक त्याच्या अंगाला लावून बघा, वाक जिथे येतो तिथे नखाने खूण करा, आणि त्याच जागी आरपार घाला. शेवटी पाठीवर बाहेर आलेलं टोक कातडीखाली तांदळाएवढं दडवा. बोट फिरवलं तर टोचू नये, पण दाबलं तर टोचावं. वर्म केळ्यासारखा वाकलेला दिसला तर काढून परत लावा. वाकडा वर्म पाण्यातून ओढताना गरगरतो, लाइनला पीळ बसतो, आणि बास त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

सिंकर किती जड? काठावरून, सहा-आठ फूट पाण्यात, ३/१६ किंवा पाव औंस पुरे. वारा जास्त किंवा पाणी खोल असेल तर ३/८. शिशाचे स्वस्त पडतात. टंगस्टनचे महाग, पण त्याच वजनाला आकाराने बरेच लहान आणि कडक, त्यामुळे तळाला दगड आहे, चिखल आहे की लाकूड, हे हाताला वेगळं कळतं. सुरुवात शिशाने करा, हरवायचे आहेतच. न्यू हॅम्पशायर किंवा व्हरमाँटला जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं: तिकडे लून पक्षी ते गिळून मरतात म्हणून लहान शिशाच्या सिंकरांवर बंदी आहे.

दुसरं पाकीट साडेतीन-चार इंची खेकड्यासारख्या क्रॉचं. तोच टेक्सास रिग, तोच हुक. दगड रचलेले बांध, पुलाचे पाये, धरणाची भिंत अशा ठिकाणी तळाला टकटक करत आणायचा. तिसरं पाकीट पावणेतीन इंचाच्या आखूड तुकड्यांचं, नेड रिगसाठी. कॅन्ससचे मासेमार नेड केडी यांच्या नावाने हा ओळखला जातो. अळंबीच्या टोपीसारख्या गोल डोक्याच्या हलक्या जिगवर (डोक्यालाच वजन असलेल्या हुकवर) तो तुकडा चढवायचा आणि तळावरून रमतगमत ओढायचा. जानेवारीच्या थंडीत किंवा रविवारी दुपारी दहा जणांनी ते तळं झोडून काढल्यावर हाच उपयोगी पडतो. मासे लहान येतात, पण येतात. सोबत नऊ वर्षांचा मुलगा असताना याला फार किंमत आहे.

रंगाबद्दल लोक रात्र रात्र भांडतात. माझं मत सरळ आहे: पाण्यात हात बुडवल्यावर बोटं दिसत असतील तर ग्रीन पम्पकिन, दिसत नसतील तर काळा-निळा. इथली डॅलसकडची तळी काळ्या मातीची, पाऊस पडला की चहासारखी होतात. लेक लॅव्हॉन तर बरेचदा दुधाळ चहाच असतो. म्हणून स्टिक वर्म ग्रीन पम्पकिन घ्या, क्रॉ काळा-निळा. बाकीचे अठ्ठेचाळीस रंग दुकानदाराच्या मुलांच्या शिक्षणासाठी आहेत.

एक सूचना, ती मी स्वतःच्या नुकसानीतून देतो. नेडचे काही तुकडे वेगळ्या, रबरासारख्या ताणणाऱ्या प्लास्टिकचे असतात. टिकायला उत्तम, शिवाय तरंगतात, त्यामुळे जिग तळाला बसला की शेपूट वर उभं राहतं. पण ते साध्या वर्मच्या पाकिटात कधी टाकू नका. मी एका जुलैत सगळे एकाच डब्यात ठेवून डबा गाडीत विसरलो. संध्याकाळी उघडलं तर आत तिळगुळाचा पाक धरावा तसा एक गोळा. ज्याचं त्याचं पाकीट ज्याला त्याला, आणि डबा घरात.

आता लाइन. तुम्ही ज्यावर गरवायचात ती नायलॉनची तंगूस म्हणजेच इथली मोनो. ती वाईट नाही, पण ताणते, आणि लांबवर अंगात दडवलेला हुक बसवायचा असतो तेव्हा ताण आड येतो. फ्लोरोकार्बन लवकर बुडते, पाण्यात कमी दिसते. मात्र स्पिनिंग रीलवर पूर्ण भरली तर स्प्रिंगसारख्या वेटोळ्या उसळतात. ब्रेड म्हणजे विणलेली दोरी. जवळजवळ अजिबात ताणत नाही आणि फार बारीक: १० पाउंडाची ब्रेड जाडीला साधारण २ पाउंडाच्या मोनोएवढी असते. तुमच्यासाठी स्पिनिंग रीलवर १० पाउंडाची ब्रेड आणि पुढे चार-पाच हात ८ पाउंडाची फ्लोरो लीडर म्हणून, म्हणजे हुककडचा शेवटचा तुकडा. दोन्ही जोडायला डबल युनी गाठ, हुकला पालोमार. गाठ आवळण्याआधी ओली करा, थुंकी चालते.

ब्रेड थेट रिकाम्या स्पूलवर गुंडाळू नका. गुळगुळीत धातूवर ती फिरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की लाइन सोडणारा रीलचा ब्रेक, बिघडला. खाली आधी थोडी मोनो घाला. आणि लुइसव्हिलमध्ये झेब्रा शिंपले आहेत. दगडांना चिकटलेले, पात्यासारख्या धारेचे. दर अर्ध्या तासाने लीडरचा शेवटचा हातभर भाग दोन बोटांतून ओढून बघा. खरखर लागली तर कापा आणि परत बांधा. आळस केला की मोठा मासा नेमका तेव्हाच लागतो.

इथवर आलो की रॉड जवळजवळ आपोआप ठरतो. रॉडवर दोन शब्द असतात, पॉवर आणि अ‍ॅक्शन, आणि बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. पॉवर म्हणजे काठी किती ओझ्याला वाकते. अ‍ॅक्शन म्हणजे कुठून वाकते. फास्ट असेल तर वरचा तिसरा हिस्साच वाकतो आणि खालची काठी ताठ राहते. मॉडरेट असेल तर अर्ध्यापर्यंत वाकते. टेक्सास रिगमध्ये हुकला आधी प्लास्टिक फाडायचं असतं आणि मग माशाचा जबडा, म्हणून मागे ताठपणा लागतो: फास्ट. उघड्या तिहेरी हुकांच्या कडक ल्युअरला उलट मऊ काठी बरी, पण तो तुमचा आजचा विषय नाही.

आणि तो बारीक अक्षरांतला आकडा. तिथे लिहिलेलं वजन सिंकरचं नसतं, एकूण सगळ्याचं असतं. पाव औंसाचा सिंकर, ३/८ औंसाचा वर्म, वर हुक. झाले पाच-अष्टमांशाहून जास्त. नवखा माणूस पाव औंसाला पाव औंसच धरतो आणि हलका रॉड घेऊन बसतो. मी केलेली चूक याच्या उलट बाजूची. तुमच्या तिन्ही पाकिटांचं गणित मांडलं तर खाली नेड रिग ३/१६ औंसाच्या आसपास आणि वर टेक्सास रिग पाच-अष्टमांश किंवा जराशी पुढे. म्हणजे हवा सात फुटी, मीडियम पॉवर, फास्ट अ‍ॅक्शन स्पिनिंग रॉड, ज्यावर १/८ ते ५/८ किंवा ३/१६ ते ३/४ औंस असं काहीतरी लिहिलेलं असेल. नाव कोणतंही असो. या रॉडवर वॅकी आणि नेड राजासारखे जातात, टेक्सास रिग चालून जातो. त्यासाठी सिंकर ३/१६ वर ठेवला की झालं.

दुकानात रॉड घेताना रिकामा हलवून बघू नका, रील लावूनच धरा. मुठीच्या पुढे एका बोटावर तोलून बघा. तोंड खाली पडत असेल तर तासाभराने मनगट बोलायला लागतं. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवून बघा. धागा अडकला तर त्या कडीला तडा आहे, आणि ती ब्रेड कापणार. दोन तुकड्यांचा घ्यायला हरकत नाही. जाणकार लोक नाक मुरडतील, पण सात फुटी अखंड काठी, मुलाची बूस्टर सीट आणि डबे-पाण्याची पिशवी एका सेडानमध्ये बसवून दाखवा म्हणावं. माझा एक चांगला रॉड मासा न लागताच गेला, गॅरेजच्या दाराखाली. रॉड बहुधा असेच मरतात: दार, पंखा, गाडीची डिकी.

रीलला मी सर्वांत कमी शब्द देणार आहे, कारण मऊ प्लास्टिकमध्ये काम रॉड करतो. रील फक्त सैल झालेली लाइन गोळा करतं. २५०० मापाचं स्पिनिंग रील घ्या. काही कंपन्या त्याच मापाला ३० म्हणतात. बॉल बेअरिंग दहा आहेत की पाच याने काही ठरत नाही. चांगली चार वाईट दहांपेक्षा बरी. दुकानात ड्रॅग जरा सैल करून स्पूल हाताने ओढा: सरकताना अडखळत, झटके देत सुटत असेल तर ठेवून द्या, लोण्यासारखं सुटत असेल तर घ्या. साठ डॉलरच्या रीलमध्ये आता हे मिळतं. ड्रॅग लीडरच्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर लावायचा. भारतात जाताना बॅगा तोलायचा काटा घरात असेलच. लाइन त्याला बांधा आणि साधारण एक किलोला स्पूल सुटू लागेल असं करा. कास्ट झाल्यावर, म्हणजे फेकून झाल्यावर, बेल (स्पूलवरची तारेची कमान) हँडल फिरवून नाही, हाताने बंद करा. ही एवढीशी सवय अर्धा पीळ वाचवते.

आणि आता बेटकास्टर. तो विक्रेता खोटं बोलत नव्हता. जाड लाइन, जड सिंकर, दाट गवत आणि नेमका नेम, हे असेल तर बेटकास्टरला तोड नाही. लेक फोर्कसारख्या पाण्यात उभ्या वठलेल्या झाडांच्या जंगलात मोठा मासा लागला तर त्याला पहिल्या दोन सेकंदांत बाहेर खेचावं लागतं, आणि ते ८ पाउंडाच्या लीडरचं काम नाही. पण यात स्पूल स्वतः फिरतं. ल्युअर हवेत मंदावतो, स्पूल मात्र त्याच वेगाने लाइन सोडत राहतं, आणि सोडलेली लाइन जायला जागा नसते. तो वेग अंगठ्याने आवरावा लागतो, आणि अंगठ्याला अक्कल यायला महिना लागतो. दुसऱ्या वर्षी घ्या: सात फुटी मीडियम-हेवी, फास्ट, ७:१ च्या आसपासच्या गिअरचं रील, १५ पाउंडाची फ्लोरो. ल्युअर लटकवून बटण दाबा आणि बाजूची गुंडी अशी पिळा की ल्युअर हळू खाली जाईल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. ब्रेक पहिल्या दिवशी जवळजवळ पूर्ण ठेवा. अर्धा औंसाचा सिंकर बांधून मागच्या हिरवळीवर सराव करा, हुकशिवाय. दोनाचे चार, चाराचे सात रॉड कधी होतात कळत नाही. आमच्या घरात 'आता बास' म्हणतात तेव्हा विषय माशाचा नसतो.

हिशेब करू. माझ्या अंदाजाने रॉड ७०, रील ६०, ब्रेड १८, लीडर १०, हुक-सिंकर-रिंगा मिळून २०, प्लास्टिकची तीन पाकिटं २०, पक्कड १०, आणि टेक्सासचं गोड्या पाण्याचं वार्षिक लायसन्स ३०. झाले २३८. उरलेल्या बारा डॉलरचे येताना समोसे. मुलाला लायसन्स लागत नाही, सतराच्या आत आहे. स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून गरवायला तर तुम्हालाही लागत नाही, आणि काही पार्कांत रॉड वापरायला उसना मिळतो. मुलासाठी लगेच दुसरा रॉड घेण्यापेक्षा तो आधी वापरून बघा. आणि त्याला पहिल्या दिवशी बासच्या मागे लावू नका. बारीक हुक, पावाचा किंवा गांडुळाचा तुकडा आणि धक्क्याखालचे ब्लूगिल नावाचे छोटे मासे. तासाभरात पाच-सहा आले की तो पुढच्या शनिवारी तुम्हाला उठवायला येईल.

महागड्या सामानानेच मोठा मासा लागतो असं वाटत असेल तर टेक्सासचा विक्रम ऐका. १८.१८ पाउंड, लेक फोर्क, जानेवारी १९९२. बॅरी सेंट क्लेअर बासला गेलेच नव्हते; मिनो नावाच्या लहानशा माशाच्या आमिषावर क्रॅपी मासे पकडायला बसले होते.

मासा लागला तर खालच्या ओठाला अंगठा-तर्जनीने धरा. मरळच्या तोंडात बोट घालायचा विचार तुम्ही स्वप्नातही करणार नाही, पण बासचे दात पॉलिश पेपरसारखे असतात, काही होत नाही. मोठा असेल तर दुसरा हात ओला करून पोटाखाली द्या. नुसत्या जबड्यावर आडवा धरला की जबडा दुखावतो. राज्याचा सर्वसाधारण नियम १४ इंचांच्या वरचे दिवसाला ५, पण प्रत्येक लेकचा वेगळा असू शकतो. फोर्कला १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावाच लागतो. गावातल्या तळ्यावर जाल तिथली पाटी आधी वाचा. इथे बहुतेक जण सगळेच सोडतात, आणि गावी फोनवर हे सांगितलं की पलीकडे जी शांतता पसरते ती तुम्हाला लवकरच कळेल. खाणं गुन्हा नाही. १९३२ मध्ये जॉर्जियात जॉर्ज पेरींनी २२ पाउंड ४ औंसाचा बास काढला, जो आजही विश्वविक्रमात आहे, २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरातल्या एका माशाने बरोबरी केली तेवढीच. पेरींच्या घरी तो मासा शिजवून खाल्ला. मी स्वतः १५ इंचांचे दोन कधीमधी आणतो, तिखट-मीठ-आगळ लावून रव्यात तळतो. चवीला बरा, पण पापलेट नव्हे.

फाटलेले वर्म पाण्यात टाकू नका, खिशात घाला. मासे ते गिळतात आणि ते पोटात जिरत नाहीत.

आता तळ्यावर गेल्यावर. फ्रिस्कोतल्या तळ्यांवर प्रत्येक नवा माणूस थेट पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहतो आणि समोर, मधोमध, जमेल तितक्या लांब फेकतो. तुम्ही दहा पावलं मागेच थांबा. मार्च-एप्रिलमध्ये तर बास अंडी घालायला अगदी काठाशी, गुडघाभर पाण्यात आलेला असतो, आणि तुमची सावली पडली की गेला. पहिला कास्ट काठाला समांतर, गवताच्या कडेपासून दोन हातांवर. वर्म पडू द्या. आणि डाव्या हाताच्या एका बोटावरून लाइन जाऊ द्या, धक्क्यावर तंगूस धरायचात तशी. रॉडवाल्यांना हे शिकायला वर्षं लागतात. तुमच्या बोटाला ते रत्नागिरीपासून माहीत आहे. टक् असं एकदा, कोणी टिचकी मारावी तसं लागेल. सैल लाइन गोळा करा, आणि रॉड वर ओढा.